भीती कापावी की दाखवावी? ‘फ्रँकेन्स्टाइन’ मुलीबरोबर पाहताना



सुरुवातीलाच एक खुलासा करतो. इथं बोलायला एकच जण उभा आहे, तरी तुम्हांला सारखं ‘आम्ही, आम्ही’ ऐकू येईल. हा काही मोठेपणाचा ‘आम्ही’ नव्हे. आजचं टिपण आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलं आहे, आणि तेही भांडत भांडत. त्यामुळे ‘मी’ म्हणायचा अधिकार घरात कुणालाच उरलेला नाही. (हशा)

विषय तसा साधा आहे. आपल्याला लहानपणी ज्या चित्रपटानं घाबरवलं आणि जो आजही आपल्याला फार आवडतो, तो आपल्या मुलाला दाखवावा का? दाखवायचा तर कसा? यावर सर्वसाधारण उपदेश करायचा नाही असं आम्ही ठरवलं आहे. एकच चित्रपट घेऊ. जेम्स व्हेल या इंग्रज दिग्दर्शकानं हॉलिवूडच्या युनिव्हर्सल कंपनीसाठी केलेला, १९३१ सालचा ‘फ्रँकेन्स्टाइन’. लांबी जेमतेम सत्तर मिनिटं. तो आम्ही आमच्या नऊ वर्षांच्या मुलीबरोबर पाहिला. त्यात आमच्या हातून एक चूक झाली, आणि त्या चुकीनं हा चित्रपट आम्हांला नव्यानं वाचायला लावला. आज जी काही समीक्षा करणार आहोत, ती त्या चुकीपासून निघालेली आहे.

आधी कथा थोडक्यात. हेन्री फ्रँकेन्स्टाइन नावाचा तरुण संशोधक प्रेतांचे अवयव जोडून एक माणूस तयार करतो आणि विजेच्या कडकडाटात त्याला जिवंत करतो. मग त्याला त्या माणसाचं काय करावं ते कळत नाही. तो प्राणी पळतो, त्याच्या हातून माणसं मरतात, आणि शेवटी गावकरी मशाली घेऊन त्याला एका पवनचक्कीत जाळतात. बोरिस कार्लॉफ यांनी ही भूमिका केली आणि ते जगप्रसिद्ध झाले. तो सपाट माथा, जड पापण्या, मानेतले ते खिळ्यासारखे तुकडे हे सगळं जॅक पिअर्स या रंगभूषाकाराचं काम. आज खेळण्यांवर, कार्टूनमध्ये, केकवरसुद्धा तो चेहरा दिसतो. त्यामुळे झालं काय, आमच्या मुलीची पहिली तक्रार अशी होती: “बाबा, हा तर हिरवा नाहीये!”

दुसरी तक्रार, “किती हळू चाललंय.”

खरं सांगायचं तर आम्हांला ते लागलं. आपण आवडता चित्रपट मुलांना दाखवतो तेव्हा फक्त चित्रपट दाखवत नसतो. ‘बघ, मी असा घडलो, तूही अशीच घड,’ असं आतून म्हणत असतो. पोरानं जांभई दिली की आपलं बालपणच कुणीतरी नापास केल्यासारखं वाटतं. गंमत अशी की ज्या चित्रपटासमोर आम्ही हे करत होतो, तो नेमका याच हौसेवर आहे. हेन्रीला आपल्या हातांनी घडवलेला जीव हवा असतो. टेबलावरचा हात हलतो तेव्हा तो आनंदानं वेडापिसा होतो. पण हात हलल्यानंतर त्या जिवाला स्वतःचंही काही हवं असेल, हा विचार त्याच्या मनाला शिवलेला नसतो.

चित्रपटात आपल्याला त्या प्राण्याचं पहिलं दर्शन कसं होतं ते आठवा. तो दारातून पाठमोरा आत येतो. सावकाश वळतो. मग कॅमेरा तीन टप्प्यांत त्याच्या चेहऱ्याजवळ जातो. यावेळी पार्श्वसंगीत नाही. नावांच्या पट्ट्या सोडल्या तर या चित्रपटात प्रसंगांखाली संगीत घातलेलंच नाही. बोलपट नुकते आले होते, तशी रीत अजून पक्की झाली नव्हती. पण आज मुलांबरोबर पाहताना या शांततेचा मोठा उपयोग होतो. आताच्या भयपटात संगीत आधीच सांगून टाकतं की बाबा रे, आता घाबर. इथं तसं कुणी सांगत नाही. घाबरायचं की कीव करायची हे पाहणाऱ्यानं ठरवायचं.

आणि लगेच पुढे काय होतं? हेन्री छतातली झडप उघडतो. वरून उजेड येतो. तो प्राणी मान वर करतो, उभा राहतो आणि उजेड पकडायला दोन्ही हात वर नेतो. हेन्री झडप बंद करतो. मग ते हात हेन्रीकडे वळतात, काहीतरी मागत असल्यासारखे. आमची मुलगी तोपर्यंत पाय पोटाशी घेऊन बसली होती, ती म्हणाली, “त्याला उन्हात जायचंय.” कुणी सांगितलं नव्हतं. तो प्राणी या चित्रपटात एक शब्दही बोलत नाही. इंग्रजी संवादांची उपशीर्षकं तिला वाचून दाखवावी लागत होती, पण त्याच्यासाठी मात्र काही वाचावं लागलं नाही. मुलं ज्याला सगळ्यांत जास्त भितील असं आपल्याला वाटतं, तो एकटाच त्यांच्या भाषेत बोलतो. कार्लॉफ पुढे सांगत असत की त्यांना मुलांची पत्रं यायची, आणि त्यांत भीतीपेक्षा त्या प्राण्याबद्दलची कणवच जास्त असायची.

आता येऊ आमच्या चुकीकडे.

चित्रपटाच्या मध्यावर एक तळं आहे. मारिया नावाची छोटी मुलगी आपल्या वडिलांना म्हणते, माझ्याशी थोडा वेळ खेळा ना. वडलांना काम असतं, ते निघून जातात. तेवढ्यात झुडपांतून तो प्राणी येतो. त्याला पाहून न घाबरणारी या चित्रपटातली ही पहिली व्यक्ती. ती त्याचा हात धरते, त्याला फुलं देते, आणि दोघं काठावर बसून ती पाण्यात टाकतात. फुलं होडीसारखी तरंगतात. तो हसतो. संपूर्ण चित्रपटात तो एवढाच काय तो सुखात दिसतो. मग त्याच्या हातातली फुलं संपतात. तो रिकाम्या हातांकडे बघतो. आणि मारियाला उचलून पाण्यात टाकतो.

ती तरंगत नाही. तो गडबडतो, पाण्याकडे हात करतो, आणि भेलकांडत निघून जातो.

हे येणार हे आम्हांला माहीत होतं. आधी चर्चाही झाली होती की हे दाखवायचं. पण त्याच्या हातातलं शेवटचं फूल संपलं आणि आमचा हात रिमोटवर गेला. दोघांपैकी कुणाचा, यावर घरात अजून एकमत नाही. (हशा) आम्ही अर्धा मिनिट पुढे ढकललं. पुढचं दृश्य आलं ते लग्नाच्या धामधुमीचं. गाव नाचतंय, आणि त्या गर्दीतून मारियाचा बाप तिचं निपचित शरीर दोन्ही हातांवर घेऊन चालत येतो. नाचणारे एकेक करून थांबतात.

मुलीनं विचारलं, “त्यानं तिला काय केलं?”

आम्ही म्हटलं, “ती पाण्यात पडली.”

ती म्हणाली, “नाही. तुम्ही पुढे ढकललंत. काय केलं त्यानं?”

त्या रात्री आणि पुढच्या रात्री ती आमच्या मध्ये येऊन झोपली.

मंडळी, आमच्या लक्षात फार उशिरा आलं की आम्ही जे केलं ते चित्रपटाच्या इतिहासात आधीच घडून गेलं आहे. १९३४पासून अमेरिकेत चित्रपटांची आचारसंहिता कडकपणे राबवली जाऊ लागली. त्यानंतर त्या दशकाच्या उत्तरार्धात ‘फ्रँकेन्स्टाइन’ पुन्हा प्रदर्शित करताना त्यातले काही तुकडे कापले गेले. स्वतःची तुलना देवाशी करणारं हेन्रीचं वाक्य मेघगर्जनेखाली दाबलं गेलं. आणि तळ्याकाठचा प्रसंग कुठे कापला? तो प्राणी मारियाकडे हात नेतो, तिथे. पुढचं पाण्यात टाकणं, त्याचं घाबरणं, सगळं गेलं. ते तुकडे मूळ चित्रपटात परत जोडले गेले ते १९८०च्या दशकात. म्हणजे मधली जवळजवळ पन्नास वर्षं प्रेक्षकांनी काय पाहिलं? एक राकट पुरुष, एक एकटी मुलगी, तिच्याकडे जाणारे हात, आणि मग तिचं प्रेत. आता ही गाळलेली जागा पाहणाऱ्याचं मन कशानं भरेल ते सांगायला नको. मूळ दृश्यात एका अजाण जिवाची चूक होती. कापलेल्या दृश्यात ती घाणेरडा गुन्हा झाली. प्रेक्षकांचं रक्षण करायला निघालेल्या कात्रीनं त्यांना कितीतरी जास्त भयंकर चित्रपट दिला.

आम्ही स्वतः लहानपणी व्हिडिओ कॅसेटवर पाहिली ती हीच कापलेली प्रत. कित्येक वर्षं आम्हीही मनात तेच वाईट धरून होतो. आणि एवढं सगळं माहीत असून, पूर्ण प्रत हातात असून, आम्ही आमच्या मुलीला तीच कापलेली प्रत दिली.

तिसऱ्या दिवशी दुपारी, खिडक्या उघड्या ठेवून, आम्ही तो प्रसंग तिला पूर्ण दाखवला. थांबलो नाही, हात रिमोटपासून लांब ठेवले. ती एकदम गप्प झाली. मग म्हणाली, “त्याला वाटलं, ती पण तरंगेल.”

त्या प्रसंगावर याहून नेमकं वाक्य आम्हांला सुचलेलं नाही. कार्लॉफ यांनी स्वतः पुढे सांगितलं होतं की मारियाला असं टाकणं त्यांना पटत नव्हतं. फूल ठेवावं तसं तिला हलकेच पाण्यावर ठेवावं असं त्यांना वाटत होतं. व्हेल यांनी ऐकलं नाही. आम्हांला व्हेल बरोबर वाटतात. हलकेच ठेवलं असतं तर दृश्य गोड झालं असतं. इथं निरागसपणा आणि त्याचा भयानक परिणाम, दोन्ही एकाच कृतीत आहेत, आणि एकासाठी दुसरं लपवलेलं नाही. मुलं हे दोन्ही एकत्र धरू शकतात. मांजराच्या पिल्लाला प्रेमानं घट्ट दाबणारं मूल आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं.

यानंतर तिचे प्रश्न सुरू झाले. त्यांतले तीन सांगतो, कारण ते तिन्ही समीक्षेचेच प्रश्न आहेत.

पहिला: “त्याचं नाव काय?” त्याला नावच नाही. सुरुवातीच्या श्रेयनामावलीत या भूमिकेसमोर नटाच्या नावाऐवजी प्रश्नचिन्ह आहे. कार्लॉफ यांचं नाव येतं ते शेवटच्या पट्टीत. आणि लोक त्या प्राण्यालाच ‘फ्रँकेन्स्टाइन’ म्हणतात, ही चूक आहे असं जाणकार दरवेळी सांगतात. चूक खरी. पण बघा, ते बापाचं आडनाव आहे. बापानं जे दिलं नाही ते लोकांनी न कळत देऊन टाकलं.

दुसरा: “मेंदू वाईट होता म्हणून तो असं करतो का?” इथे चित्रपटाची कमजोर बाजू उघडी पडते. पटकथेत असं घातलंय की हेन्रीचा मदतनीस फ्रिट्झ चांगल्या मेंदूची बरणी फोडतो आणि गुन्हेगाराच्या मेंदूची बरणी उचलून आणतो. १८१८ साली प्रसिद्ध झालेल्या मेरी शेलीच्या मूळ कादंबरीत हे अजिबात नाही. या एका युक्तीमुळे सगळा दोष त्या प्राण्याच्या जन्मावर जातो आणि हेन्री मोकळा सुटतो. पण पडद्यावर जे दिसतं ते या स्पष्टीकरणाला साक्ष देत नाही. तो उजेडाकडे हात करतो, हा वाईट मेंदू? फ्रिट्झ त्याला साखळदंडात बांधून चाबकानं आणि मशालीनं छळतो, त्यानंतर तो फ्रिट्झला मारतो. त्याचे तुकडे करायला घेतलेल्या डॉक्टर वाल्डमनला तो मारतो. पटकथा एक म्हणते, कॅमेरा दुसरंच दाखवतो. आम्ही मुलीला एवढंच म्हटलं, तूच सांग, तुला काय दिसलं? आणि फ्रिट्झला कुबड आहे म्हणून तो दुष्ट, अशी जी जोडणी त्या काळच्या चित्रपटांत सर्रास केली जायची, तीही बोलून दाखवली. आपल्या आवडत्या कलाकृतीतलं खोटं आपणच मुलांना दाखवून द्यावं. नाहीतर ते आपल्या शिफारशीसकट त्यांच्या मनात जातं.

तिसरा प्रश्न: “त्याचे बाबा कुठे गेले?” फ्रिट्झ त्या प्राण्याला छळत असतो तेव्हा हेन्री जिन्यावरून येतो, राहू दे त्याला, असं काहीसं म्हणतो आणि निघून जातो. पुढे तो कोसळतो, घरचे त्याला घेऊन जातात, लग्नाची तयारी सुरू होते. इकडे मारियाचे वडीलही खेळायला वेळ नाही म्हणून गेलेले. तळ्याकाठी जे दोघं भेटतात, त्या दोघांचेही बाप कामात आहेत. हे आम्ही इतक्यांदा पाहूनही जोडलं नव्हतं. मेरी शेलीनं ही गोष्ट १८१६च्या उन्हाळ्यात, अठरा वर्षांची असताना लिहायला घेतली. तिची स्वतःची आई तिच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत वारली होती, आणि १८१५मध्ये तिचं पहिलं बाळ गेलं होतं. जन्म देणं आणि मागे सोडून जाणं यांवर लिहायला तिला प्रयोगशाळेत जावं लागलं नाही.

याच तळ्याकाठच्या प्रसंगावर एक दुसरा मोठा चित्रपट उभा आहे. स्पॅनिश दिग्दर्शक व्हिक्टर एरिसे यांचा १९७३चा ‘द स्पिरिट ऑफ द बीहाइव्ह’. काळ १९४०चा, स्पेनमधलं यादवी युद्ध नुकतंच संपलेलं. कॅस्टिलमधल्या एका खेड्यात फिरता चित्रपट येतो, ‘फ्रँकेन्स्टाइन’. आना नावाची छोटी मुलगी तो पाहते आणि बहिणीला विचारते, त्यानं तिला का मारलं? आणि लोकांनी त्याला का मारलं? आना टोरेंट या बालनटीचा पडदा पाहतानाचा चेहरा एरिसेंनी ती खरोखर चित्रपट पाहत असताना टिपला. आनाचे वडील मधमाश्यांत बुडालेले, आई कुणालातरी पत्रं लिहिण्यात. उत्तर देते ती थोडीशीच मोठी असलेली बहीण, तेही थापा मारून. मग ते उत्तर शोधायला आना रात्री एकटी घराबाहेर पडते. आना तो चित्रपट पाहते म्हणून काही बिघडत नाही. पाहिल्यावर तिच्याजवळ बसायला कुणी मोठं नसतं, तिथे बिघडतं.

आपल्याकडे काय वेगळं आहे? जेवत नाहीस तर बागुलबुवा येईल, असं म्हणणारे आपणच. म्हणजे मुलांना भीती दाखवायला आपली ना नसते, फक्त ती आपल्या सोयीची हवी. त्याच वेळी आपल्याकडे दुसरीही वाट आहे. रत्नाकर मतकरींनी मोठ्यांसाठी अंगावर काटा आणणाऱ्या गूढकथा लिहिल्या आणि मुलांसाठी ‘अलबत्या गलबत्या’ लिहिलं. त्यातल्या चेटकिणीला मुलं घाबरतात आणि घाबरता घाबरता खदखदून हसतात, कारण शेजारी आई असते, मागे मावशी असते, अख्खं थिएटर बरोबर ओरडत असतं. बागुलबुवाची भीती प्रश्न विचारू देत नाही. चेटकिणीची भीती विचारू देते.

म्हणून प्रत्येकानं नऊ वर्षांच्या मुलाला ‘फ्रँकेन्स्टाइन’ दाखवावा असं आम्ही म्हणणार नाही. कुणाचं मूल बारा वर्षांचं होईपर्यंत थांबावं लागेल, कुणाला कधीच आवडणार नाही. आपलं मूल आपल्याला ठाऊक असतं, निदान असायला हवं. या चित्रपटाच्या सुरुवातीलाही एक गृहस्थ पडद्याआडून बाहेर येतात आणि प्रेक्षकांना नम्रपणे सांगतात की पुढे भयानक आहे, झेपणार नसेल तर आत्ताच ठरवा. इशारा जरूर द्यावा. ‘नको’ म्हणाली तर बंद करावं. पण एकदा ‘हो’ म्हणाली की मध्येच लपवाछपवी करू नये.

आणखी एक सांगायचं राहिलं. मुलीला शेवटी सगळ्यांत भीती कशाची वाटली? त्या प्राण्याची नाही, मशाली घेऊन कुत्र्यांसकट निघालेल्या गावाची. “एवढे सगळे, आणि तो एकटा,” असं ती म्हणाली. मारियाच्या बापाचं दुःख खरं आहे, आणि तरी ती गर्दी भयानक आहे. पवनचक्की पेटते, आत तो तुळईखाली अडकून ओरडत असतो. त्यानंतर चित्रपट घाईघाईनं हेन्रीच्या घरी जातो. हेन्री वाचलेला असतो, त्याचे वडील हातात पेला घेऊन नातवाच्या आशेनं शुभेच्छा देतात. आमच्या मुलीला तो शेवट मुळीच पटला नाही. ती म्हणाली, “म्हणजे आता हा अजून एक बाळ आणणार?” (हशा) आम्हांला तिची शंका रास्त वाटते.

चित्रपट संपल्यावर तिनं विचारलं, परत कधी बघायचा? आम्ही म्हटलं, तू म्हणशील तेव्हा. त्यावर तिची अट अशी आहे की रिमोट तिच्या हातात राहील.

आम्ही ती मान्य केली आहे.